ज्याला येत नाही, पेन त्याच्या हातात

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. बारावी, सीबीएसई, फिजिक्स. तुम्ही पाचजण रोज संध्याकाळी लोकमान्यनगरात एकाच्या घरी तीन तास बसता. तुमच्यातला एक मुलगा फार छान समजावतो आणि त्या वेळी सगळं कळतं. तरी प्री-बोर्डात तुला ७० पैकी ३४ आले आणि त्याला ६१. आई म्हणते, तो ग्रुपबिप सोड आणि आपल्या खोलीत एकटी बस. शिवाय ग्रुपमधल्या एकाला पास होण्याचीच धाकधूक आहे, त्याच्यापायी बाकीचे मागे पडतात का, हेही तू विचारलं आहेस.

ग्रुप सोडू नकोस. पण सध्या तुमचं जे चाललंय ती एका मुलाची रोजची रिव्हिजन आहे आणि तुम्ही चौघं तिचे श्रोते आहात. इंदुरात इतकी वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय, दर हिवाळ्यात असे ग्रुप बघतो. सुदामानगर असो की तिलकनगर, चित्र एकच: जो बोलतो त्याचे नंबर वाढतात, जे माना डोलावतात ते आहेत तिथेच राहतात. त्याच्या ६१ आणि तुझ्या ३४ मध्ये थोडा फरक जात्याच असेल, नाही म्हणत नाही. पण गाऊसचा नियम त्यानं या दोन महिन्यांत चार-पाच वेळा स्वतःच्या तोंडानं मांडला, मध्ये अडखळला, मागे जाऊन आकृती दुरुस्त केली, कुणी काही विचारलं तर नवीन उदाहरण शोधलं. तू तोच नियम चार-पाच वेळा ऐकलास. अभ्यास त्याचा झाला. तुला तो झाल्यासारखा वाटला.

हे वाटणं फसवं का असतं, त्यावर एक सरळ प्रयोग आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. मुलांना उतारे वाचायला दिले. मग काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी घेतली, आठवड्यानं घेतली, तेव्हा लिहून काढणारे पुढे. तुमचा ग्रुप ही पाच मिनिटांनंतरची परीक्षा रोज उत्तम पास होतो. घरी जाताना म्हणूनच इतकं बरं वाटतं.

तेव्हा नियम एकच बदला. ज्याला येत नाही, पेन त्याच्या हातात. ज्याला येतं, त्याचे हात टेबलाखाली. त्यानं फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही असे की ज्यांच्यात उत्तर लपलेलं नसेल. “इथे लेन्सचा फॉर्म्युला लागेल ना?” हा प्रश्न नव्हे, उत्तरच आहे ते. “आकृती काढ.” “या ओळीवरून ही ओळ कशी आली?” “युनिट काय येतंय?” “हा रेझिस्टन्स शून्य केला तर तुझं उत्तर काय होईल?” असं विचारायचं आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं हुशार मुलाला सगळ्यात जड जातं. समोरची मुलगी चुकीचं चिन्ह लिहितेय आणि आपल्याला दिसतंय, तर हात शिवशिवतात. तरी थांबायचं. ती पुढच्या तीन ओळींत कुठेतरी अडकेल आणि स्वतःच मागे येईल, आणि ती चूक पुन्हा तिच्या हातून सहसा होणार नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो, कारण नुसत्या नियमानं काही होत नाही. किरणप्रकाशिकीपासून, म्हणजे तुमच्या रे ऑप्टिक्सपासून सुरुवात करा. प्रश्न घ्या: कॉन्व्हेक्स लेन्सचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला, तर पडद्यावरच्या इमेजचं काय होईल? कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकानं आपल्या कॉपीत उत्तर लिहायचं आणि शेजारी एका ओळीत कारण. मग सगळ्यांनी एकदम कॉप्या उलटून दाखवायच्या. पाचातले तिघं तरी लिहितील की अर्धीच इमेज दिसेल. आता भांडा. ज्यानं ‘अर्धी’ लिहिलंय त्यानं किरण काढून दाखवायचे, ज्यानं ‘पूर्ण’ लिहिलंय त्यानंही. वस्तूच्या एका टोकापासून निघालेले किरण लेन्सच्या सगळ्या भागावर पडतात आणि सगळे एकाच बिंदूत येतात, हे कागदावर दिसलं की वाद आपोआप मिटतो: इमेज पूर्ण, फक्त उजेड कमी. नाहीच मिटला तर आजोबांचं वाचायचं भिंग घ्या, दिवसा खोलीत अंधार करून एका खिडकीची इमेज समोरच्या भिंतीवर पाडा आणि अर्धं भिंग पोस्टकार्डानं झाका. दोन मिनिटांचं काम आहे. ते भिंतीवर बघितलेला मुलगा हा प्रश्न आयुष्यात चुकत नाही.

आधी एकट्यानं लिहायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं, ही रीत मी काढलेली नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून ती आपल्या वर्गात चालवली, आणि नंतर जगभरच्या फिजिक्सच्या वर्गांत ती पसरली. त्यात कळीची गोष्ट पहिली पायरी आहे. बोलण्याआधी लिहिणं. लिहिलं नाही तर पहिला जो आवाज निघतो त्याच्यामागे सगळे जातात, आणि तुमच्या ग्रुपमध्ये तो आवाज कुणाचा असेल हे सांगायला नको.

तू म्हणशील, आम्ही पाचही जण चुकलो तर? योग्य शंका आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गावर केलेला एक अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात असं दिसलं की चर्चेआधी कुणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं अशा गटांतल्या मुलांचीही उत्तरं चर्चेनंतर सुधारली. माझाही अनुभव तोच आहे, पण एका अटीवर: वाद मिटवायला फिजिक्सचीच हत्यारं वापरायची. ‘सरांनी असं सांगितलंय’ हे हत्यार नव्हे. ‘कोचिंगच्या नोट्समध्ये असंच आहे’ हेही नव्हे.

याचं माझं आवडतं उदाहरण सेलचं आहे. एक सेल ६ व्होल्टचा, दुसरा २ व्होल्टचा, दोघांचा इंटर्नल रेझिस्टन्स १ ओहम. प्लसला प्लस समोरासमोर येतील असे जोडले आणि मध्ये २ ओहमचा रेझिस्टर. दोन्ही सेलचा टर्मिनल व्होल्टेज, म्हणजे करंट वाहत असताना सेलच्या दोन टोकांमधला व्होल्टेज, काढा. करंट सगळ्यांना येतो: ६ वजा २ म्हणजे ४ व्होल्ट, एकूण ४ ओहम, म्हणून १ अँपिअर. मोठ्या सेलचा टर्मिनल व्होल्टेज ५, तोही येतो. आणि छोट्या सेलपाशी ग्रुप फुटतो. अर्धे म्हणतात १ व्होल्ट, कारण ‘टर्मिनल व्होल्टेज म्हणजे ईएमएफ वजा आय-आर’ (सेलचा मूळ व्होल्टेज वजा करंट गुणिले इंटर्नल रेझिस्टन्स) हे घोकलेलं असतं. ज्याला ३ येतो तोही घाबरून खोडतो, कारण टर्मिनल व्होल्टेज ईएमएफपेक्षा जास्त कसा असेल?

आता इथे पुस्तक उघडू नका. लूपला एक फेरी मारा. ५ व्होल्टपासून निघालात, रेझिस्टरमध्ये २ गेले, उरले ३. छोट्या सेलच्या दोन टोकांत ३ च असायला हवेत, नाहीतर फेरीचा हिशोब जुळत नाही. उलट दिशेनं फेरी मारून बघा, तेच येतं. मग विचारा, हे घडतं कुठे? घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत रोज घडतं. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना तिच्या टोकांवर १२ पेक्षा जास्त व्होल्ट असतात, नाहीतर करंट तिच्यात उलटा शिरणार कसा? घोकलेलं सूत्र फक्त डिस्चार्ज होणाऱ्या सेलचं होतं, ही गोष्ट या भांडणातून जशी कळते तशी माझ्या फळ्यावरून कधी कळली नाही. किर्चहॉफची चिन्हं, म्हणजे फेरी मारताना कुठे अधिक आणि कुठे वजा, हा तसाही बारावीतला सगळ्यात मोठा गोंधळ. त्यावरचा उपाय म्हणजे पाचहीजणांनी एकच पद्धत धरायची. कुठली, याला महत्त्व नाही. एकानं करंटच्या दिशेनं घट धरली आणि दुसऱ्यानं वाढ, आणि दोघं एकच गणित अर्धं-अर्धं सोडवताहेत, असं असलं की रात्री दहापर्यंत उत्तर येत नाही.

तरीही न मिटलेला वाद एका वेगळ्या वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत विचारा. त्यावर अर्धा तास घालवायचा नाही.

आईचं अर्धं बरोबर आहे, तेही ऐक. ग्रुपमध्ये धडा पहिल्यांदा वाचायचा नसतो. येण्याआधी प्रत्येकानं आपापल्या घरी तो धडा एनसीईआरटीतून वाचलेला आणि निदान सोडवलेली उदाहरणं झाकून करून बघितलेली हवीत. ज्यानं केलं नाही त्यानं त्या दिवशी कोपऱ्यात बसून वाचावं, चर्चेत येऊ नये. कडक वाटेल, पण एकदा सूट दिली की आठवड्यात सगळेच न वाचता यायला लागतात आणि मग पुन्हा तो एकच मुलगा फळ्यापाशी. तीन तासही नकोत. दीड तास भरपूर झाला. उरलेला दीड तास हा आईनं सांगितलेला एकटीचा अभ्यास. पाचजणांत दोन आणि तीन असे गट करा, रोज बदलून. पाच जणांच्या गोलात नेहमी कुणीतरी लपतं.

डेरिव्हेशनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ग्रुपचा सगळ्यात जास्त वेळ तिथे वाया जातो. एकानं पहिली ओळ लिहायची, दुसऱ्यानं दुसरी, अशी अंताक्षरी बरेच ग्रुप खेळतात. मजा येते, पण माझं मत विचारशील तर हा खेळच आहे. प्रत्येकाच्या वाट्याला पाचवा हिस्सा येतो आणि प्रत्येकाला आपल्याला पूर्ण डेरिव्हेशन येतं असं वाटत राहतं. त्यापेक्षा चिठ्ठी काढा: आज लेन्समेकर, उद्या सोलेनॉइड नाही तर एलसीआर. पुस्तकं बंद, आठ-दहा मिनिटं, प्रत्येकानं आकृतीसकट पूर्ण लिहायचं. मग वह्यांची अदलाबदल आणि हातात लाल पेन.

आणि तपासायचं कसं, तर सीबीएसईच्या मार्किंग स्कीमप्रमाणे. बोर्ड दरवर्षी सॅम्पल पेपरबरोबर ती आपल्या वेबसाइटवर देतं, मागच्या पेपरांच्याही मिळतात. त्यात बघ, मार्क अर्ध्या-अर्ध्यानं वाटलेले असतात: आकृतीला इतका, सूत्राला अर्धा, किमती घालायला अर्धा, युनिटसकट उत्तराला अर्धा. दुसऱ्याची वही तशी तपासताना तुला जे दिसेल ते स्वतःच्या वहीत कधीच दिसत नाही. किरणांवर बाण नाहीत. कपॅसिटरच्या प्लेट्सवर चार्जची चिन्हं नाहीत. ग्राफच्या अक्षांवर नावं नाहीत. शेवटचं उत्तर ‘५.५’, पण ५.५ काय? आंबे? मैत्रिणीच्या वहीत चार दिवस असले अर्धे-अर्धे मार्क कापलेस की पाचव्या दिवशी तुझा हात बाण काढल्याशिवाय पुढे जाणार नाही. प्री-बोर्डातली तुझी उत्तरपत्रिका काढ आणि फक्त असे सुटे अर्धे मार्क मोज. सात-आठ निघाले तर मला नवल वाटणार नाही.

कोचिंगला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. भंवरकुआं असो की गीता भवन, तिथल्या शॉर्टकटनं एमसीक्यू झटकन सुटतो, तीन मार्कांचा प्रश्न नाही. उदाहरणार्थ, फोटोइलेक्ट्रिकच्या गणितात १२४० ला नॅनोमीटरमधल्या वेव्हलेंथनं भागलं की ऊर्जा सरळ इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये येते. ४०० नॅनोमीटरला ३.१, वर्क फंक्शन, म्हणजे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, २ असेल तर उरले १.१. कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा ही युक्ती पडताळणीला सोन्यासारखी आहे. पण कागदावर आधी आइन्स्टाइनचं समीकरण, मग किमती, मग उत्तर. तुमचा ६१ वाला मुलगा कदाचित याच पायऱ्या गाळतो आणि उरलेले नऊ तिथेच जातात. त्याची वही तू तपास. ज्याला कमी येतं त्यानं हुशाराची वही तपासली की हुशाराला प्रत्येक ओळ लिहावी लागते, कारण तपासणारी विचारते, “हे कुठून आलं?”

त्याच्याबद्दलच बोलतोय तर हेही. आता त्याला बोलायचं नाही म्हटल्यावर त्याला वाटेल आपला वेळ जातोय. कदाचित त्याच्या घरचेही म्हणतील. त्याला दर आठवड्याला एक असा प्रश्न द्या की जो त्यालाही सहज सुटणार नाही. इंदूरच्या मुलांना माझा ठरलेला प्रश्न आपल्या कॅटचा असतो. नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र असं झालं, तरी रस्त्याला आपण कॅट रोडच म्हणतो. तिथे इंडस-२ नावाचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं फिरवणारं यंत्र, आहे. इलेक्ट्रॉन २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेनं बंद कक्षेत फिरतात, त्यांना वळवणाऱ्या मॅग्नेटचं फील्ड साधारण १.५ टेस्ला. वळणाची त्रिज्या काढ.

हुशार मुलगा काय करतो? कायनेटिक एनर्जीचं नेहमीचं सूत्र लावून वेग काढतो आणि तो येतो सेकंदाला सुमारे ३ गुणिले १० चा दहावा घात मीटर, म्हणजे प्रकाशाच्या शंभर पट! इथे ज्याला हसू येतं त्याला फिजिक्स कळतंय असं मी धरतो. ज्याला येत नाही, तो त्या वेगावरून आणखी दोन पानं गणित करत जातो. मग बाकीच्यांनी विचारायचं: वेग नकोच, मोमेंटम मिळेल का? फोटॉनचा मोमेंटम ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग असा ड्युअल नेचरच्या धड्यात येतो. इतक्या वेगवान इलेक्ट्रॉनलाही तेच जवळजवळ तंतोतंत लागू पडतं. तो मोमेंटम चार्ज आणि फील्डच्या गुणाकारानं भागला की त्रिज्या येते साडेपाच मीटरच्या आसपास. पाच मिनिटांचं काम. आता त्याला सांगा की त्या कक्षेचा घेर प्रत्यक्षात साधारण १७२ मीटर आहे, आणि साडेपाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर ३५ मीटरही भरत नाही. मग? मॅग्नेट सगळीकडे नाहीत. इलेक्ट्रॉन मॅग्नेटमध्ये वळतात आणि दोन मॅग्नेटच्या मधल्या तुकड्यात सरळ जातात, कारण फील्ड नाही तर वळवणारा फोर्सही नाही. पेपरात हे येणार नाही. पण ‘फील्ड आहे तेवढ्यापुरताच इलेक्ट्रॉन वळतो’ ही गोष्ट ज्याच्या डोक्यात पक्की बसली, त्याचा मूव्हिंग चार्जेसचा निम्मा धडा झाला.

पेपराचा हिशोब ग्रुपनं एकदा एकत्र बसून करून टाकावा, त्याला अर्धा तास पुरे. गेल्या काही वर्षांच्या पद्धतीप्रमाणे ३३ प्रश्न: १६ एका मार्काचे, ५ दोनचे, ७ तीनचे, २ केस स्टडी चार-चारच्या आणि ३ पाचचे. विभागवार बघितलं तर इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि करंट मिळून १६, मॅग्नेटिझम ते एसीपर्यंत १७, ईएम वेव्हज आणि ऑप्टिक्स १८, ड्युअल नेचरपासून न्यूक्लियसपर्यंत १२ आणि सेमीकंडक्टर ७. बहुतेक ग्रुप इलेक्ट्रोस्टॅटिक्सपासून सुरू करतात आणि जानेवारी संपेपर्यंत तिथेच असतात. १८ मार्कांचं ऑप्टिक्स मग शेवटच्या चार दिवसांत उरकलं जातं. दादा-ताईंची जुनी गाइडं वापरत असाल तर सिलॅबस शेजारी ठेवा. पोटेन्शिओमीटर, डेव्हिसन-जर्मर, ट्रान्झिस्टर, लॉजिक गेट्स, कम्युनिकेशन सिस्टिम्सचा अख्खा धडा, हे सगळं सीबीएसईनं काढून टाकलंय आणि तरी दर वर्षी कुणीतरी लॉजिक गेट्स पाठ करताना सापडतं.

प्रॅक्टिकलच्या व्हायव्हासाठी मात्र ग्रुपसारखं दुसरं काही नाही. ३० पैकी व्हायव्हाचे ५ आणि रेकॉर्डचे ५. एकानं एक्झामिनर व्हायचं, खरोखर गंभीर चेहरा करून, आणि रेकॉर्डमधली कुठलीही एक रीडिंग धरून विचारायचं: ही इतकीच का आली? झीरो एरर बघितला होता का? मीटर ब्रिजवर नल पॉइंट मधोमधच का आणायचा? हसत-खेळत तीन-चार संध्याकाळी झालं की तोंड उघडायची भीती जाते. समजावताना मराठीत बोला, हिंदीत बोला, जशी जीभ वळेल तसं. फक्त लिहिताना पेपराची भाषा.

फोन. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेअकराला गणिताचा फोटो येतो आणि पाच मिनिटांत त्याच मुलाच्या सुटसुटीत अक्षरातलं पूर्ण सोल्यूशन. सगळे अंगठा दाखवतात आणि झोपतात. यात कुणाचाही अभ्यास झालेला नाही. पूर्ण सोल्यूशनचा फोटो टाकायला बंदी करा. विचारणाऱ्यानं आपण जिथे अडकलो त्या ओळीपर्यंतचा फोटो टाकावा आणि उत्तर देणाऱ्यानं फक्त पुढच्या ओळीचा इशारा द्यावा. आणि ‘थोडा ब्रेक’ म्हणून थंडीत गराडू खायला सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायची टूम निघते, ती अभ्यासाच्या मध्ये नको, शनिवारी अभ्यास संपल्यावर जा. सराफ्यातून परत येऊन गाऊसचा नियम मांडलेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

शेवटच्या आठवड्यात ग्रुप आखडता घ्या. त्या वेळी सकाळी साडेदहा ते दीड, बोर्डाच्याच वेळेत, पूर्ण पेपर लिहायचा. १८० मिनिटांत ७० मार्क म्हणजे मार्कामागे अडीच मिनिटं आणि वर थोडी शिल्लक. सव्वादहाला पेपर हातात मिळतो, ती वाचायची पंधरा मिनिटंही धरा आणि त्यात कुठले पर्यायी प्रश्न घ्यायचे ते ठरवायची सवय करा. संध्याकाळी वह्या बदलून तपासणी, अर्धा तास चुकांवर बोलणं, बस. परीक्षेच्या आदल्या दिवशी अजिबात भेटू नका. त्या दिवशी कुणीतरी हमखास एखादा विचित्र प्रश्न काढतं, तो कुणालाच येत नाही आणि सगळे हादरून घरी जातात.

राहिला तो मित्र, ज्याच्या पास होण्याची चिंता आहे. तो तुम्हाला मागे ओढत नाही. उलट पेन त्याच्या हातात असेल तर तुम्हा चौघांना रोज समजावण्याची संधी त्याच्यामुळेच मिळते, आणि या घडीला ती तुलाच सगळ्यात जास्त हवी आहे. त्याच्याबरोबर जोडीला त्या ६१ वाल्याला बसवू नका, तू बस. ज्याला एखादी गोष्ट फार पूर्वी कळली त्याला ती कळण्याआधी काय अडत होतं हे आठवत नाही. तुला ते अजून नीट आठवतंय.

त्याच्यासाठी वेगळा बेत आखा. थिअरीत पास व्हायला ७० पैकी २३ लागतात आणि थिअरी-प्रॅक्टिकलला वेगवेगळं पास व्हावं लागतं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या जोरावर तरून जाता येत नाही. त्याला आत्ता इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये बुडवू नका. ऑप्टिक्स, मॉडर्न फिजिक्स आणि सेमीकंडक्टर मिळून ३७ मार्क होतात आणि तिथे कॅल्क्युलस जवळजवळ लागत नाही. बोहरचं मॉडेल, फोटोइलेक्ट्रिकचे ग्राफ, पी-एन जंक्शन, रेक्टिफायरची आकृती, मायक्रोस्कोप-टेलिस्कोप, यंगचा डबल स्लिट. रोज त्यातली एक गोष्ट त्यानं तुला समजावायची, तू त्याला नाही. पहिले तीन-चार दिवस तो म्हणेल, “मला काही येत नाही, तूच सांग.” सांगू नकोस. पी-एन जंक्शनची आकृती काढायला लाव आणि डिप्लिशन लेयर कुठे आहे ते बोटानं दाखवायला सांग. ते त्याला दाखवता येईल. मग विचार, फॉरवर्ड बायस दिल्यावर ती रुंद होईल की अरुंद, आणि तो उत्तर लिहीपर्यंत तुझे हात टेबलाखाली.